लॅटिनला जायचंय, मग वाटेत कोणत्या भाषेत थांबावं?

मागच्या रविवारी भाची वनस्पतीशास्त्राची वही घेऊन समोर बसली. चिंचेचं शास्त्रीय नाव 'टॅमरिंडस इंडिका'. तिनं विचारलं, "मामा, टॅमरिंडस हे 'उस'नं संपतं, म्हणजे पुल्लिंगी ना? मग पुढे इंडिकस पाहिजे. इंडिका कसं आलं?" प्रश्न अगदी नेमका होता. लॅटिनमध्ये झाडांची नावं 'उस'नं संपली तरी बहुधा स्त्रीलिंगी धरतात, आणि विशेषणाला नामाच्या लिंगामागे जावं लागतं. पिंपळ 'फायकस रिलिजिओसा' होतो तो त्याच नियमानं. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग मला लॅटिनच शिकायची आहे. पण एकदम नको. आधी एखादी सोपी भाषा सांगा, तिच्यावरून जाते."

ही मागणी अंमळनेर-जळगावकडच्या बऱ्याच मुलांकडून मी ऐकली आहे. कुणी फार्मसीला आहे, कुणी वकिलीला, कुणी तत्त्वज्ञान वाचतंय. लॅटिन अवघड असते हे सगळ्यांच्या कानावर आलेलं असतं, आणि 'आधी इटालियन कर', 'आधी एस्पेरांतो कर' असे सल्लेही मोबाईलवर भरपूर मिळतात. त्या सल्ल्यांत एक अडचण आहे. ते बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांच्या भाषेत नामांच्या विभक्त्या जवळजवळ उरलेल्या नाहीत, लिंगं नाहीत, म्हणून त्यांना पायरी हवी असते ती व्याकरणासाठी. आपलं गणित उलटं आहे. व्याकरणाचा मोठा भाग आपल्या घरात आहे, शब्द मात्र नाहीत. म्हणून पायरी निवडतानाही आपला हिशोब वेगळाच मांडावा लागतो. तो कसा मांडायचा ते एकेक टप्प्यानं सांगतो.

पहिली पायरी : लॅटिन किती हवी ते ठरवा

फक्त झाडांची, पिकांची किंवा शरीराच्या भागांची नावं समजायला हवी असतील तर मधली कोणतीही भाषा नको. दोनेकशे शब्द, तीन लिंगांचे शेवट आणि षष्ठीची रूपं एवढ्यावर तुमचं काम होतं. आपल्याच शिवारातलं उदाहरण घ्या. देशी कपाशी 'गॉसिपियम आर्बोरियम' आणि आज सगळीकडे लागते ती 'गॉसिपियम हिर्सुटम'. 'आर्बोर' म्हणजे झाड, 'हिर्सुटुस' म्हणजे केसाळ. गॉसिपियम नपुंसकलिंगी, म्हणून दोन्ही विशेषणांना 'उम' लागला. हरभरा 'सिसेर एरिएटिनम', कारण दाण्याचा आकार मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो आणि मेंढ्याला लॅटिनमध्ये 'आरिएस' म्हणतात. रोमचा थोर वक्ता सिसेरो, त्याच्या घराण्याचं नावही याच हरभऱ्यावरून आलेलं. नवीन वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती २०११ अखेरपर्यंत होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालतं. नावं मात्र आजही लॅटिनच्या व्याकरणानंच चालतात.

पण तुम्हाला वाक्यं वाचायची असतील, सीझर, सिसेरो, कवी व्हर्जिल किंवा तत्त्वज्ञ देकार्तचा मूळ मजकूर वाचायचा असेल, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी : घरात काय आहे ते आधी मोजा

या पायरीला लोक वेळ देत नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

लॅटिन नामाला सहा विभक्त्या आहेत. शब्दाचा शेवट बदलतो आणि त्यावरून कर्ता कोण, कर्म कोण, कुणाला, कुणाचं हे कळतं. इंग्रजी माणसाला हे नवं असतं. तुम्ही तर लहानपणापासून तेच करताय. 'घर, घराला, घराचा, घरात' हे प्रमाण मराठीतलं. अहिराणीत ते आणखी उघडं दिसतं : घर, घरले, घरना, घरमा. मूळ शब्द जसाच्या तसा, मागे प्रत्यय चिकटला की काम झालं. माझी आई 'वावरमा' म्हणते तेव्हा ती सप्तमीच वापरत असते, फक्त तिला ते नाव कुणी सांगितलेलं नाही. तीन लिंगं आपल्याकडे आहेत, लॅटिनमध्येही तीनच. इंग्रजीसारखे 'अ', 'द' आपल्याकडे नाहीत, लॅटिनमध्येही नाहीत. क्रियापद आपण वाक्याच्या शेवटी टाकतो, लॅटिन गद्यातही ते बहुधा शेवटीच येतं. 'मी' म्हटलं नाही तरी 'जाईन'वरून कळतं, लॅटिनमध्येही तसंच.

आता आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल, संपूर्ण असो की संयुक्त, तर तुमच्याकडे याहून मोठी ठेव आहे. वडील या अर्थाचा लॅटिन शब्द 'पातेर'. त्याची रूपं संस्कृतशेजारी ठेवून बघा. द्वितीया 'पात्रेम', आपली 'पितरम्'. चतुर्थी 'पात्री', आपली 'पित्रे'. चतुर्थीचं अनेकवचन 'पात्रिबुस', आपलं 'पितृभ्यः'. पितृपक्षात 'पितृभ्यो नमः' कानावर पडतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांची घागर पूजतो. त्या 'भ्यः'चा सख्खा भाऊ म्हणजे लॅटिनचा 'बुस'.

हा 'बुस' तुम्ही रोज बघता. लॅटिनमध्ये 'ओम्निस' म्हणजे सर्व, आणि 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. सगळ्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीला ते नाव पडलं, मग लोकांनी पुढचा भाग टाकून दिला. चोपड्याहून सुटणारी आपली एसटी 'बस' म्हणजे उरलेला नुसता चतुर्थीचा प्रत्यय. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी स्टँडवर उभा राहून प्रत्येक गाडीकडे वेगळ्याच नजरेनं पाहत होतो.

हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषाकुळातल्या आहेत. विल्यम जोन्सनं कलकत्त्यात १७८६ साली हे मांडलं, ते शाळेत सांगतात. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ साली, गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सनं भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं होतं. हा तोच फादर स्टीफन्स, ज्यानं १६१६ साली मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण दिलं. लॅटिन शिकून आलेल्या माणसाला आपली भाषा ओळखीची वाटली, तर आपल्याला लॅटिन परकी वाटायचं कारण नाही.

संस्कृतवाल्यांनी एका कागदावर हे उतरवून ठेवा. संस्कृतचा भ लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला बहुधा फ होतो : भ्राता आणि 'फ्रातेर', भरति आणि 'फेर्त'. संस्कृतच्या श च्या जागी लॅटिनमध्ये क येतो : शतम् आणि 'केंतुम', दश आणि 'देकेम'. अस्ति म्हणजे 'एस्त', सन्ति म्हणजे 'सुंत'. देकार्तच्या 'कोगितो एर्गो सुम'मधला ('मी विचार करतो, म्हणून मी आहे') 'सुम' म्हणजे अस्मि. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत सप्त, अष्ट, नव, दश बसलेले आहेत, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं.

एक सावधगिरी. कानाला सारखा लागला म्हणून प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. लॅटिन 'देउस' आणि आपला देव हे नात्यातले आहेत, पण ग्रीक 'थेओस' त्याच अर्थाचा आणि तसाच ऐकू येणारा असूनही या घरातला नाही. म्हणून साम्य दिसलं की शब्दकोशात बघा, मगच वहीत उतरवा.

तिसरी पायरी : स्वतःची एक छोटी परीक्षा घ्या

ही तीन वाक्यं वाचा. 'अग्रिकोला' म्हणजे शेतकरी, 'पुएल्ला' म्हणजे मुलगी, 'विदेत' म्हणजे पाहतो किंवा पाहते. द्वितीयेला शेवटी 'म' लागतो.

अग्रिकोला पुएल्लाम विदेत.
पुएल्लाम अग्रिकोला विदेत.
पुएल्ला अग्रिकोलाम विदेत.

पहिल्या दोन वाक्यांचा अर्थ एकच, शेतकरी मुलीला पाहतो, आणि तिसऱ्यात मुलगी शेतकऱ्याला पाहते. हे तुम्हाला दुसऱ्यांदा वाचताना आपोआप कळलं, तर विभक्तीसाठी तुम्हाला पायरीची गरज नाही. शब्दांचा क्रम पाहून अर्थ लावायचा मोह झाला, जे इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं बहुतेक वेळा होतं, तर थोडी तयारी लागेल. शेतकरी पुरुष असूनही शब्द 'आ'नं संपतो याचं आश्चर्य वाटलं असेल, तर आपला 'दादा' आठवा.

चौथी पायरी : आता भाषा निवडा

इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो.

संस्कृत झालेलं असेल तर नवी भाषा घेऊच नका. सहा आठवडे जुनी पुस्तकं काढा आणि फक्त विभक्त्या व लट्, लङ् यांची रूपं ताजी करा. संधी, समास, द्विवचन सगळं बाजूला ठेवा. लॅटिनमध्ये द्विवचनाचे दोन-चार अवशेष सोडले तर काही नाही, आणि संधी करून शब्द एकमेकांत मिसळून लिहायची पद्धतही नाही. तेवढा भार कमीच होतो. मग थेट लॅटिन उघडा. एक गोष्ट लक्षात ठेवा : संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघी लॅटिनमध्ये एकाच विभक्तीत नांदतात. तिला 'अब्लातिव्ह' म्हणतात. एकत्र कुटुंबात एकाच ताटलीतून तिघं जेवावेत तसं एक रूप तीन कामं करतं, आणि कोणतं काम चाललंय हे आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. शाळेतून आपण 'बोनाफाईड' आणतो ना, ते मूळ 'बोना फिदे', म्हणजे 'सद्भावनेनं'. दोन्ही शब्द अब्लातिव्हमध्ये आहेत आणि काम तृतीयेचं करतायत.

संस्कृत झालेलं नसेल तर इटालियन घ्या. माझी पहिली शिफारस हीच. कारण तुमच्याकडे नाहीत ते शब्द ती देते, आणि ते फारसे झिजलेले नसतात. तेर्रा, लूना, स्तेल्ला, पोर्ता, आक्वा हे लॅटिनमध्ये जसे आहेत जवळजवळ तसेच इटालियनमध्ये सापडतात. उच्चार लिहिल्याप्रमाणे. आणि जिथे शब्द झिजलेत तिथली झीज आपल्याला आधीपासून माहीत आहे. लॅटिन 'लाक्ते' म्हणजे दूध, इटालियनमध्ये 'लात्ते'. लॅटिन 'नोक्ते' म्हणजे रात्र, इटालियनमध्ये 'नोत्ते'. क आणि त एकत्र आले की क गळतो आणि त दुहेरी होतो. आता आपल्याकडे बघा : संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजलेला तांदूळ, प्राकृतात 'भत्त', मराठीत 'भात'. तसंच लॅटिन 'सेप्तेम', इटालियन 'सेत्ते', आणि आपलं सप्त, सत्त, सात. लॅटिनची इटालियन होताना जे झालं ते संस्कृतची प्राकृत होताना आपल्या घरीच घडलं आहे. ज्याला हे एकदा दिसलं त्याला इटालियन शब्दावरून लॅटिन शब्दापर्यंत मागे चालत जाता येतं.

स्पॅनिशही चालेल, विशेषतः पुढे कामासाठी तिचा उपयोग होणार असेल तर. स्वर पाचच, तेही स्वच्छ. फक्त झीज जास्त आहे : 'लेचे', 'नोचे', 'ओचो'. मागचा 'लाक्ते', 'नोक्ते', 'ओक्तो' शोधायला एक उडी जास्त मारावी लागते.

फ्रेंच या कामासाठी घेऊ नका. फ्रेंचवर माझा राग नाही, सुंदर भाषा आहे. पण लॅटिनची मुलगी म्हणून मी तिच्याकडे गेलो आणि आठ महिने गेले. लॅटिन 'आक्वा'चं फ्रेंचमध्ये जे झालं त्याचा उच्चार नुसता 'ओ' आहे. लिहायला तीन अक्षरं, ऐकायला एक स्वर, आणि मूळ शब्दाचा मागमूस नाही. आठ महिन्यांनंतर मी लॅटिनचं पुस्तक उघडलं तेव्हा कामी आले ते इंग्रजीतून आधीच माहीत असलेले शब्द. तो वेळ इटालियनला दिला असता तर मी एक उन्हाळा आधी पोचलो असतो.

जर्मनचा विचार आपल्याकडे हल्ली बरेच जण करतात, नोकरीसाठी तो योग्यही आहे. 'जर्मनमध्ये चार विभक्त्या आहेत, त्या लॅटिनला उपयोगी पडतील' हा सल्ला मात्र इंग्रजांसाठीचा. विभक्ती शिकायला खानदेशातल्या माणसानं जर्मनीपर्यंत जायचं काही कारण नाही, आणि शब्द तर तिथे मिळतच नाहीत.

एस्पेरांतोबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण 'सोपी भाषा' म्हटलं की पहिलं नाव तिचंच येतं. झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरनं १८८७ साली वॉर्सात ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली. मूळ नियम सोळा, अपवाद नाहीत. प्रत्येक नाम 'ओ'नं संपतं, प्रत्येक विशेषण 'आ'नं, अनेकवचनाला 'य' आणि कर्माला 'न' लागतो. आक्वो, नोक्तो, दोमो, लिब्रो, फ्लोरो, अमिको हे शब्द लॅटिनच्या मुळांशी सरळ जाऊन भिडतात. वर दिलेल्या तीन वाक्यांत जो अडखळला, त्याच्यासाठी एस्पेरांतोचे चार आठवडे अगदी योग्य औषध आहे. कर्माला 'न' लावायची सवय एकदा बोटांना लागली की क्रमावर विसंबायची खोड सुटते, आणि अपवाद नसल्यामुळे मन धास्तावत नाही. दहावीच्या आतल्या मुलांसाठी मी हेच सुचवतो. पण चारच आठवडे. तिथे लिंगांचे प्रकार नाहीत, वेगवेगळे गण नाहीत, षष्ठी-चतुर्थीचे प्रत्यय नाहीत. लॅटिनमध्ये जिथे खरा घाम गाळावा लागतो त्याची तयारी ती करून देत नाही.

गणिताच्या विद्यार्थ्यांना पेआनो माहीत असतो, स्वाभाविक संख्यांच्या स्वयंसिद्धकांमुळे. त्यानंच १९०३ साली 'लातिनो सिने फ्लेक्सिओने', म्हणजे विभक्तीविना लॅटिन, सुचवली. १९५१ सालची इंटरलिंग्वाही जवळपास त्याच वळणाची. वाचायला गंमत वाटते, शब्द भराभर कळतात. पण प्रत्यय काढून टाकलेली लॅटिन शिकून प्रत्ययांची लॅटिन येत नाही. पंधरा दिवस चाळा, पुढे जा.

पाचवी पायरी : मुदत ठरवा आणि ती मोडू नका

इटालियन घेतली तर बारा आठवडे. आज तारीख लिहा, बारा आठवड्यांनंतरची तारीख लिहा, आणि त्या दिवशी लॅटिनचं पहिलं पान उघडायचं हे घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. हे मी इतक्या आग्रहानं सांगतो कारण बरेच जण पायरीवरच घर बांधतात. इटालियनमध्ये बोलता येऊ लागतं, गोड वाटतं, मग भूतकाळाचे प्रकार, मग संभाषण, आणि वर्ष कुठे गेलं कळत नाही. इटालियनच शिकायची असेल तर जरूर शिका. पण लॅटिनसाठी आला असाल तर तिच्याकडून एवढंच घ्या : वर्तमानकाळाची रूपं, नाम-विशेषणाचं लिंग-वचन जुळवणं, आणि पाचशे ते सहाशे शब्द.

शब्द घ्यायची पद्धत महत्त्वाची आहे. वहीचं पान तीन रकान्यांत आखा. पहिल्यात इटालियन, दुसऱ्यात लॅटिन, तिसऱ्यात मराठी अर्थ आणि त्याच मुळाचा ओळखीचा एखादा शब्द. उदाहरणार्थ 'फ्योरे', 'फ्लोस, फ्लोरिस', फूल, 'फ्लोरा'. 'प्येनो', 'प्लेनुस', भरलेला, शेजारी 'पूर्ण'. 'क्याव्हे', 'क्लाविस', किल्ली. तीन ओळी झाल्या की तुम्हालाच दिसतं, लॅटिनमध्ये दुसऱ्या व्यंजनाला जोडून आलेला 'ल' इटालियनमध्ये 'य' झालाय. असे नियम कुणी सांगण्यापेक्षा आपल्या वहीत आपल्याला दिसले की पक्के बसतात.

वरच्या ओळीत 'फ्लोस, फ्लोरिस' असं दोनदा का लिहिलं? लॅटिन नामाची प्रथमा आणि षष्ठी दोन्ही पाठ करायची असतात. 'नोक्स' नुसतं पाठ केलं तर पुढची रूपं हातात येत नाहीत. 'नोक्स, नोक्तिस' पाठ केलं की सगळी येतात, आणि इटालियन 'नोत्ते' कुठून आली तेही कळतं. ही सवय पायरीवर असतानाच लावा.

आणि वहीत लॅटिन रोमन लिपीतच लिहा. इथे मी देवनागरीत देतोय ते लेखापुरतं. दीर्घ स्वरावर छोटी आडवी रेघ द्यायला विसरू नका, कारण 'अग्रिकोला'चा शेवटचा स्वर ऱ्हस्व असेल तर प्रथमा, दीर्घ असेल तर अब्लातिव्ह.

वेळेचं म्हणाल तर रोज चाळीस मिनिटं पुरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेर पाय ठेवता येत नाही, ऊन चटके देतं. मी ती दुपार रूपं म्हणण्यासाठी ठेवली होती. लिहिण्यापेक्षा मोठ्यानं म्हणा. आपण पाढे आणि रूपं म्हणूनच शिकलो आहोत, ती रीत लॅटिनला फार मानवते.

सहावी पायरी : पाय पुढे टाका

पहिल्या दिवशी उच्चार ठरवा आणि मग बदलू नका. जुना रोमन उच्चार घेतलात तर 'सी' हे अक्षर नेहमी क. मग सिसेरो होतो 'किकेरो' आणि सीझर होतो 'काइसार'. चर्चमधला उच्चार घेतलात तर ए आणि इ च्या आधी तेच अक्षर च होतं, इटालियनसारखं. इटालियनवरून आलेल्यांना दुसरा सोपा जातो, संस्कृतवरून आलेल्यांना पहिला, कारण 'केंतुम' आणि शतम् यांचं नातं त्यात ऐकू येतं. वनस्पतींची नावं आपल्याकडे इंग्रजी वळणानं उच्चारतात, वर्गात ती तशीच उच्चारा, त्यावरून वाद घालू नका.

विभक्तीचे तक्ते पुस्तकात ज्या क्रमानं दिलेले असतात तो आपल्या क्रमाशी जुळत नाही. तुम्ही ते वहीत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी या ओळखीच्या क्रमानं पुन्हा लिहून काढा. अर्धा तास लागतो आणि पुढचे सहा महिने सोपे जातात.

पहिले तीन महिने लहान, सोप्या गोष्टी वाचा, शक्य असेल तर लॅटिनमध्येच समजावत जाणारं पुस्तक घ्या. सीझरला हात लावायची घाई करू नका, साधारण दहाव्या महिन्यात तो हळूहळू वाचता येतो. एक वाक्य अडलं तर आधी क्रियापद शोधा, मग प्रथमा, मग द्वितीया. आपल्याला शेवटापर्यंत थांबायची सवय आहे, ती इथे कामी येते.

आणि कविता वाचायला वर्षभर थांबू नका. इथे आपल्याकडे असं काही आहे जे इंग्रज विद्यार्थ्याला कष्टानं मिळवावं लागतं : लघु-गुरू. 'यमाताराजभानसलगम्' ज्यानं शाळेत म्हटलंय त्याला व्हर्जिलचं वृत्त एका संध्याकाळी कळतं. ओळीत सहा तुकडे. प्रत्येक तुकडा एक तर आपला भ-गण, म्हणजे गुरू-लघु-लघु, नाहीतर दोन गुरू. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, हा नियमही आपलाच. एकच फरक लक्षात ठेवा : संस्कृतात ए आणि ओ नेहमी गुरू, लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही असतात. आता व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याची पहिली ओळ बोटं मोडत म्हणा :

अर्मवि | रुम्क्वेक | नोत्रो | याइक्वी | प्रीमुस | बोरीस

भ, भ, गुरू-गुरू, गुरू-गुरू, भ, गुरू-गुरू. पाच-सहा वेळा म्हटलीत की चाल आपोआप लागते. मग पहिल्या तीन शब्दांकडे या : 'अर्मा विरुम्क्वे कानो', शस्त्रं आणि तो पुरुष मी गातो. 'विरुम' ही द्वितीया, संस्कृत 'वीरम्'. आणि त्याच्या शेपटीला लागलेला 'क्वे' म्हणजे संस्कृतातला 'आणि' या अर्थाचा 'च', तिथे जसा शब्दाच्या मागून येतो तसाच मागून आलेला. विरुम्क्वे, वीरं च.